जीपच्या गंजलेल्या रिमवरून जुने टायर घरच्या घरी कसे उतरवायचे?

वाडीतली

नमस्कार. आमच्या आंजर्ल्याच्या घरामागे, सुपारीच्या बागेला लागून असलेल्या खोपीत बाबांची कमांडर जीप उभी आहे. बाबा गेले त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. या उन्हाळ्यात मी ती पुन्हा रस्त्यावर आणायला घेतली आहे. इंजिन दापोलीच्या मिस्त्रींनी बघितलं, फिरतंय. अडलंय ते चाकांवर.

स्टेपनी धरून पाच चाकं. टायर ६.००-१६, नायलॉनचे, ट्यूबवाले. एकाच्या कुशीवर २३११ असा शिक्का आहे, म्हणजे २०११ सालच्या २३व्या आठवड्यातला. कुशीला अंगठा दाबला की भेगांची तोंडं उघडतात, त्यामुळे रस्त्यासाठी ते बाद. पण रिम मला तेच हवेत, बाबांनी स्वतः रंगवलेले आहेत. टायरसुद्धा अख्खे निघाले तर बरं. माझ्या चुलतभावाची हर्णैला होडी आहे. १ जूनला मासेमारी बंद झाली की सगळ्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत येतात, एकमेकींना खेटून उभ्या राहतात. होडीच्या कडेला बांधायला त्याला टायर हवेत.

दोन चाकं एका पंक्चरवाल्याकडे नेली होती. त्याने घण घातला, एका रिमची कड आत वाकवली आणि म्हणाला, "गंजाने धरलंय, निघत नाही. टायर कापतो, रिम भंगारात द्या." मी चाकं परत घेऊन आले.

घरी केलेले प्रयत्न: साबणाचं पाणी ओतलं, टायरवर उभी राहून नाचले, पहार घालून उचकटलं. एका बाजूने टायर इंचभर सुटल्यासारखा वाटतो, पहार काढली की परत बसतो. माझ्याकडे पहार, स्क्रू जॅक, दोन मोठे स्क्रूड्रायव्हर आणि हातोडा आहे. जीप सध्या जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकवून ठेवली आहे. मदतीला माझा भाचा, वय १९. मशीन नसताना हे होतं का?

रात्रपाळी

ग्राइंडरने कापून मोकळे व्हा. एका चाकाला दहा मिनिटं. होडीला टायर कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतील.

वाडीतली

ग्राइंडर रिमला लागला तर? आणि घरात पाच टायर असताना विकत कशाला आणू. कापायचंच असतं तर त्या दुकानातच कापून आणले असते.

तिठा

ताई, कापू नका. होतं, हातानेच होतं. हातखंब्याच्या तिठ्याजवळ माझं २२ वर्षं टायरचं दुकान होतं, त्यातली पहिली नऊ वर्षं मशीन नव्हतं. माझे उस्ताद केरळातून आलेले. वजनाने पन्नास किलोचा माणूस, पण जीपचं चाक चार-पाच मिनिटांत मोकळं करायचे, तेही बोलत बोलत. म्हणून सविस्तर लिहितो. घाई करू नका, पूर्ण वाचा आणि मग चाकाला हात लावा.

आधी तुम्ही नक्की कुठे अडला आहात ते सांगतो. टायरच्या काठात पोलादी तारांचं कडं असतं, आम्ही त्याला बीड म्हणतो. ते रबरासारखं ताणत नाही. रिमची बाहेरची कड त्या कड्यापेक्षा मोठी. मग ते कडं कडेवरून बाहेर येणार कसं? त्यासाठीच रिमच्या पोटात, दोन कडांच्या मध्ये, खोल पन्हळ दिलेली असते. बागेत पाटाचं पाणी नेतो तशी पन्हळ समजा. टायरचा एका बाजूचा काठ त्या पन्हळीत उतरला की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते, आणि मग लिव्हरने काठ अलगद वर येतो. तुम्ही पहार लावली तेव्हा समोरचा काठ पन्हळीत नव्हता, वर गंजलेल्या बैठकीलाच चिकटून होता. म्हणून इंचभर सुटला आणि परत गेला. आणखी जोर लावला असता तर बीडची तार तुटली असती नाहीतर रिम वाकला असता. त्या पंक्चरवाल्याने घण घालून नेमकं तेच केलं.

तर काम दोन आहेत. एक, दोन्ही बाजूंचा काठ गंजातून सोडवायचा. दोन, तो पन्हळीत ठेवून दुसऱ्या बाजूने काढायचा. पहिलं काम कष्टाचं आहे, दुसरं समजुतीचं.

सगळ्यात आधी हवा. टायर बसलेला दिसतो म्हणून आत हवा नाही असं धरून चालू नका. वॉल्व्हमधली बारीक पिन आट्यांवरून पूर्ण बाहेर काढा. गंजली असेल तर रॉकेलचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. पिन निघाल्यावर वॉल्व्हमध्ये बारीक तार घालून बघा, घाणीने भोक बंद झालेलं असतं कधी कधी. वॉल्व्हला बाहेरून नट असेल तर तोही काढा.

मग चाकं तापवा. मे महिन्याचं ऊन तुम्हाला फुकट मिळतंय. दुपारी बारा वाजता चाकं उघड्या कातळावर नेऊन आडवी टाका, तासाभराने उलटी करा. काळं रबर हात लावू देणार नाही इतकं तापतं आणि त्याचा ताठरपणा जातो. गरम असतानाच काम करायचं. विस्तवावर किंवा ब्लोलॅम्पने मात्र तापवू नका. टायर चढवलेल्या रिमला बाहेरून आच दिली की आतलं रबर करपून वायू धरतो आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो, हवा सोडलेली असली तरी. टायर न उतरवता रिमला वेल्डिंग करायलाही याच कारणासाठी कोणाला देऊ नका.

आता काठ सोडवणं. तुमच्याकडे जॅक आहे, आणि कोणीतरी सुचवेल की चाक जीपखाली आडवं ठेवून त्यावर जॅक चढवा, जीपच्या वजनाने काठ सुटेल. पद्धत चांगली आहे, मी शेकडो वेळा केली आहे. पण तुमची जीप चिऱ्यांवर आहे. जांभा दाब सहन करतो तोवर करतो, एका कोपऱ्यावर भार आला की खपली उडून चिरा फुटतो. त्या जीपला जॅक लावू नका आणि भाच्याला तिच्याखाली पाठवू नका.

त्याऐवजी वासा वापरा. दहा फुटांचा चांगला पक्का वासा घ्या. परसात आंब्याची किंवा फणसाची जाड मुळी जमिनीवर आलेली असेलच, तिच्यातून साखळी ओवून फास करा आणि वाशाचं एक टोक त्या फासात घाला. चाक आडवं ठेवायचं, टायरच्या कुशीवर अगदी रिमच्या कडेला लागून लाकडी ठोकळा उभा करायचा, आणि वासा त्या ठोकळ्यावरून न्यायचा. फासापासून ठोकळा एक फुटावर असला आणि दहाव्या फुटावर साठ किलोचा माणूस बसला तर ठोकळ्यावर सहाशे किलोचा दाब येतो. ठोकळा रिमच्या कडेवर चढू देऊ नका, रबरावरच राहू दे. दाब देऊन थांबा, फटीत साबणाचं पाणी सोडा, चाक वीतभर फिरवा, पुन्हा दाबा. पूर्ण गोल फिरून यायचं. एका फेरीत नाही सुटलं तर दुसरी. सुटताना आधी करकर असा कोरडा आवाज येतो, गंजाची लाल भुकटी फटीतून वर येते, मग एकदम थड्‌ करून काठ खाली जातो. एके ठिकाणी थड्‌ झालं की बाकीचा मागोमाग येतो. मग चाक उलटून दुसरी बाजू.

साबण म्हणजे कपड्यांच्या साबणाचा दाट फेस. रिठे असतील तर रिठ्याचं पाणी फारच छान. डिझेल, ऑइल ओतू नका, रबर फुगतं आणि रिमवर तेल राहिलं तर उद्या नवा टायर रिमवर सरकून ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो.

दोन्ही काठ सुटले की स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा. त्याची धार काठ फाडते आणि निसटला तर तोंडावर येतो. दापोलीत टायर लिव्हर मिळतील, दीड-दोन फुटांच्या दोन घ्या. नाहीतर गावच्या लोहाराला सांगा. कोयता करायला तो जो जुना कमानपाटा वापरतो त्याच्याच दोन पट्ट्या, टोकं चपटी, किंचित वाकवलेली आणि कानशीने गोल केलेली. माझ्या दोन्ही लिव्हर तशाच आहेत, १९९८ पासून.

चाकाची कोणती बाजू वर ठेवायची तेही बघा. पन्हळ बरोबर मध्ये नसते, एका कडेला जवळ असते. ती जवळची बाजू वर. जीपला बहुतेक बाहेरची बाजू निघते, पण डोळ्यांनी बघून खात्री करा. उलट्या बाजूने काढायला गेलात तर दिवसभर घाम गाळाल.

वॉल्व्ह आत ढकला. वॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला दोन्ही गुडघे टेकून बसा आणि काठ पन्हळीत दाबून धरा. भाच्याने वॉल्व्हजवळ पहिली लिव्हर घालायची, फार खोल नाही, नाहीतर ट्यूब चिमटते. ती खाली दाबून पायाखाली धरायची. तीन बोटं सोडून दुसरी लिव्हर. परत तीन बोटं. मोठा घास घेऊ नका. लिव्हर जड लागली की जोर वाढवायचा नाही, समोर गुडघ्याखाली बघायचं: काठ पन्हळीतून वर आलेला असणार. तो परत खाली दाबा, लिव्हर लगेच हलकी होते. पाव वर्तुळ बाहेर आलं की उरलेला काठ हाताने ओढून येतो. ट्यूब काढा. मग चाक उभं करा, मागचा काठ एका बाजूने पन्हळीत सारा, वरच्या बाजूने काठ आणि रिम यांच्यात लिव्हर घालून रिम बाहेर लोटा. रबरी किंवा लाकडी हातोड्याचे दोन ठोके, रिम वेगळा.

एक सावधगिरी सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. हे सगळं जीप, कार, मोटारसायकल यांच्या एकसंध रिमसाठी आहे. रिक्षाचा ४.००-८ टायर किंवा जुन्या स्कूटरचं चाक दोन तुकड्यांचा रिम नटांनी जोडून केलेलं असतं. तिथे हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते नट सैल करायचे नाहीत. आणि जुन्या ट्रकच्या चाकावर जी लोखंडी रिंग असते तिला घरी हात लावू नये. महामार्गावरच्या एका दुकानात हवा भरताना ती रिंग उडाली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे होतो. छपराचा पत्रा फाटून ती शेतात पडली. पोरगा वाचला कारण तो तेवढ्यात चहा घ्यायला उठला होता. तो पत्रा मी आजही विसरलेलो नाही.

खाडीपल्याड

तिठा काकांनी सगळंच सांगितलं. मी फक्त होडीच्या बाजूने सांगतो.

टायर अख्खे ठेवताय ते उत्तम, बीडची तार असली की टायर दबतो आणि परत गोल होतो. कापलेला टायर महिन्यात लोळागोळा होतो. पण बांधण्याआधी खालच्या बाजूला अंगठा जाईल एवढी तीन भोकं पाडा, ड्रिलने. भोकं नसतील तर टायर पावसाच्या पाण्याने भरतो, जड होतो आणि दोरी कापतो. वरच्या बाजूला दोन भोकं पाडून त्यातून नायलॉनची दोरी ओवा. तुमचे टायर नायलॉनचे आहेत म्हणजे नक्षीखाली पोलादी तारा नाहीत, दोरी कापली जाणार नाही. पोलादी तारांचा रेडियल टायर असता तर मी नको म्हटलं असतं.

दुसरं, टायर उतरवल्यावर ते बागेत टाकून ठेवू नका. पहिल्या पावसाचं पाणी आत साठलं की डेंगीचे डास तिथेच अंडी घालतात, आणि ती अंडी टायर सुकला तरी महिनोन्‌महिने टिकतात. आमच्या वाडीत डेंगीने दोन घरं आजारी होती तेव्हा आरोग्यसेविका ताईंनी पहिल्यांदा टायरच उलटे करायला लावले होते. उतरवला की त्याच दिवशी भोकं पाडा.

वाडीतली

तिठा काका, मी तुमचं उत्तर दोनदा मोठ्याने वाचून भाच्याला ऐकवलं. काल आणि आज मिळून तीन चाकं मोकळी झाली!

पहिल्या चाकाला तीन तास लागले. फणसाच्या मुळीतला फास दोनदा निसटला, मग साखळीला बोल्ट घातला. वाशावर भाचा बसला, मी साबण सोडत होते. आधी काहीच नाही. मग तुम्ही लिहिलेली ती करकर ऐकू आली आणि रिमच्या कडेने तिखटासारखी लाल पूड वर आली. थड्‌ झालं तेव्हा भाचा वाशासकट खाली बसला आणि माझी आई पडवीतून धावत आली. तिसऱ्या चाकाला चाळीस मिनिटं लागली. लिव्हर जड झाली की आता भाचाच ओरडतो, "मावशी, गुडघा!"

चौथं तेच, घण घातलेलं. काठ दोन्ही बाजूंनी सुटला आहे, पण वर आणताना वाकलेल्या जागी अडकतो. वाकलेली जागा वॉल्व्हपासून हातभर अंतरावर आहे. ती आधी सरळ करू का?

तिठा

आत्ता सरळ करू नका, आत टायर असताना ठोकलं तर कड आणखी बिघडेल. वाकलेल्या जागेपासून सुरुवातही करू नका. तिथली कड आत आल्यामुळे काठाला बाहेर यायला वाट नाही. वॉल्व्ह आत ढकलून द्या, ट्यूब दाबून चपटी करा आणि वाकलेल्या जागेच्या बरोबर समोर लिव्हर लावा. म्हणजे गुडघे वाकलेल्या बाजूला येतील. तिकडून दोन्ही दिशांनी काठ काढत या. वाकलेली जागा सगळ्यात शेवटी येईल, आणि तोवर काठ इतका ढिला झालेला असेल की हाताने निघेल.

रिम मोकळा झाला की कडेच्या बाहेरून लाकडाचा ओंडका आधाराला धरा आणि आतून हातोड्याने थोडं थोडं ठोकत बाहेर आणा. नंतर सगळ्या रिमांना तारेचा ब्रश मारा आणि टायर जिथे बसतो ती बैठक नीट बघा. वरवरचा गंज असेल तर रेड ऑक्साइड मारून रंग द्या. खपल्या निघून पत्रा पातळ झाला असेल, किंवा बोल्टच्या भोकांपासून बारीक रेघ निघालेली दिसली, तर तो रिम कितीही जीव लावलेला असला तरी वापरू नका. रिम टांगून हातोड्याने हलके टकटक करा. देवळातल्या घंटेसारखा लांब आवाज आला तर ठीक. बद्द वाजला तर चीर शोधा.

नवीन ट्यूब घालण्याआधी तिला आणि टायरच्या आत शंखजिऱ्याची पूड चोळा. जुन्या ट्यूब नव्या टायरात घालू नका.

वाडीतली

चौथं निघालं. तुम्ही सांगितलं तसंच, वाकलेली जागा शेवटी आली आणि काठ हातानेच निघाला.

पाचव्या चाकाचं सांगायला मुद्दाम लिहिते आहे. टायर उतरवला तर आतून एका जागी टायरचाच वीतभर तुकडा बसवलेला. कडा चारी बाजूंनी तासून इतक्या पातळ केलेल्या की बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. त्यावर बॉलपेनने लिहिलेलं आहे, "उ. मागे". अक्षर बाबांचं आहे. "उ" ची शेपटी ते अशीच वर न्यायचे, माझ्या शाळेच्या वह्यांवर पण तशीच आहे. त्यांनी हे चाक कधी उघडलं, कुठे बसून हा तुकडा तासला, आईलाही आठवत नाही. साबणाने ओले हात होते, मी आधी पदराला पुसले आणि मग त्याला हात लावला.

तिठा

आम्ही त्याला गेटर म्हणतो. दगडाने टायर फाटला की आतून बसवायचा, म्हणजे ट्यूब त्या फटीत शिरत नाही. कडा तासून पातळ करणं हे सगळ्यात वेळखाऊ काम, बहुतेक जण तसाच जाड तुकडा टाकतात आणि तो ट्यूब खातो. तुमच्या वडिलांनी मनापासून केलंय. तो टायर होडीला देऊ नका.

आणि उजव्या मागच्या रिमला त्याच जागी आतून बोट फिरवून बघा. टायर फाटण्याइतका दगड लागला असेल तर रिमलाही लागलेला असतो.

वाडीतली

फिरवलं. काजूच्या बीएवढी दबलेली जागा आहे, आतल्या कडेला. चीर नाही, टांगून वाजवला, आवाज लांब येतो. तिथेही कानस मारून वर रंग लावलेला दिसतो, म्हणजे त्यांनाही ती सापडली होती.

चार टायर उद्या सकाळी भावाकडे जातील, भोकं पाडून झाली आहेत.